तळावरचं साल नेमकं कशाचं?

‘मूर्तीच्या तळाशी १९६८ कोरलंय, म्हणजे ती १९६८ चीच’ हा थीम पार्कच्या वस्तू जमवणाऱ्यांमधला जुना समज. चूक सहज होण्यासारखी आहे, कारण दुसरं साल बहुधा कुठेच नसतं.

पण कॉपीराइटच्या खुणेशेजारचं साल त्या पात्राचं किंवा रचनेचं असतं. तोच साचा वीस वर्षांनी वापरला तरी ते बदलत नाही. त्यातून कळते ती फक्त खालची मर्यादा.

मग वेष्टन बघा. त्यावर बारकोड छापलेला असेल तर वस्तू १९७४ नंतरची. वेबसाइटचा पत्ता असेल तर १९९० नंतरची. ‘पश्चिम जर्मनी’ हा ठसा १९४९ ते १९९० मधला. स्टिकरवर मात्र विसंबू नका, तो मागाहूनही चिकटवतात.