विमान देखभाल नोंदी (खाजगी विमाने)

खाजगी विमानाच्या तपासण्या, दुरुस्त्या व भागांचा झालेला वापर यांची मालकाने ठेवावयाची लेखी नोंद. येथे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धतीचा विचार केला आहे. तेथे 1926 च्या हवाई वाणिज्य अधिनियमाने विमानांची उड्डाणयोग्यता संघशासनाच्या कक्षेत आली. सध्याचे नियम मुख्यतः फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन या तेथील नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेच्या नियमावलीतील भाग 43 व 91 मध्ये असून त्यांची मांडणी साधारणपणे 1960 च्या दशकातील आहे.

विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी मालकाची किंवा ते चालविणाऱ्याची असते. मेकॅनिक आपण केलेल्या कामापुरता बांधील. तपासणी वर्षातून एकदा होते. मोबदला घेऊन प्रवासी नेणाऱ्या विमानाला दर 100 तासांची तपासणीही लागते. तपासणीच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी 10 तासांची सवलत मिळते, परंतु ते तास पुढच्या शंभरात धरले जातात. तेल बदलण्यासारखी किरकोळ कामे वैमानिक-मालक स्वतः करू शकतो; त्यांचीही तारीख, वर्णन, सही व परवाना क्रमांकासह नोंद करावी लागते.

साध्या दुरुस्तीची नोंद ते काम पुन्हा होईपर्यंत किंवा एक वर्ष ठेवली तरी चालते. एकूण सेवाकाल, आयुर्मर्यादा असलेल्या भागांची स्थिती आणि उड्डाणयोग्यता निर्देशांचे (असुरक्षित दोष दूर करण्यासाठी निघालेल्या बंधनकारक आदेशांचे) पालन या नोंदी मात्र विक्रीनंतर विमानाबरोबर नव्या मालकाकडे जातात.

सेवाकाल कसा मोजावा, याविषयी व्यवहारात एकवाक्यता नाही. नियमानुसार चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचाच काळ धरायचा. हॉब्ज मीटर हा तेलाच्या दाबावर चालणारा तास-मापक जमिनीवरचा वेळही मोजतो. यांत्रिक टॅकोमीटरचे (इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या उपकरणाचे) तास इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असल्याने मंद गतीत कमी भरतात. त्यामुळे पुष्कळ मालक टॅकोमीटरचे तास लिहितात. ते व्याख्येशी तंतोतंत जुळत नसले, तरी हॉब्जपेक्षा तिच्या जवळ जातात. मोजमापाची पद्धत मध्येच बदलल्यास ते वहीत नमूद करणे इष्ट. ‘शून्य तास’ ही नोंद फक्त निर्मात्याने किंवा त्याने मान्य केलेल्या संस्थेने पुनर्बांधणी केलेल्या इंजिनालाच मिळते. इतरत्र पूर्ण ओव्हरहॉल (इंजिन उघडून केलेली संपूर्ण तपासणी-दुरुस्ती) झाला, तरी जुने तास कायम राहतात.

वह्या हरवल्यास एकूण तास दुरुस्ती-केंद्रांच्या दप्तरांसारख्या इतर कागदांवरून जुळविता येतात. निर्देशांचे पालन झाल्याचा पुरावा नसेल, तर ते पुन्हा तपासून घ्यावे लागते.