१९२३ : उज्जैनची डागडुजी आणि हवेपलीकडची दुर्बीण

इंदूरला पाहुणे आले की एक दिवस उज्जैनचा ठरलेला. महाकालाचं दर्शन होतं आणि वेळ उरलाच तर क्षिप्रेकाठची वेधशाळा. तिथल्या सम्राट यंत्राची सावली खुणांवरून पुढे सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसते. तिच्यावर वाचलेली वेळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा सरासरी २७ मिनिटं मागे असते, कारण घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं आणि सावली मात्र उज्जैनची. त्यात ऋतूनुसार थोडी वधघट होते. पाहुणे एवढं ऐकून घेतात आणि चहा कुठे मिळेल ते विचारतात.

सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ही यंत्रं बांधली गेली. दगड, चुना आणि भूमिती. भिंग एकही नाही. पुढे पडझड झाली. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी वेधशाळेचा जीर्णोद्धार करवला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. म्हणजे पंचांग आकाशाशी ताडून पाहायची सोय पुन्हा झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर, १०० इंची आरशाच्या दुर्बिणीतून एडविन हबलने देवयानी तेजोमेघाची एक काचपट्टी, म्हणजे काचेवरचं छायाचित्र, घेतली. असे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतलेच की बाहेरचे, हा वाद तेव्हा चालू होता. एका ठिपक्याशेजारी त्याने आधी ‘एन’ लिहिलं होतं, म्हणजे नवतारा. मग ते खोडून ‘व्हार’, म्हणजे बदलता तारा, लिहून पुढे उद्गारचिन्ह टाकलं. ठिपका ठरावीक काळाने मंद-तेजस्वी होत होता. अशा ताऱ्यांचा आवर्तकाळ जितका मोठा तितका तारा मुळात जास्त तेजस्वी, हा नियम हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ पर्यंत मांडून ठेवला होता. त्यावरून अंतर काढलं तर देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर निघाली. हबलचा आकडा आजच्या २५ लाख प्रकाशवर्षांच्या निम्म्याहूनही कमी होता, पण निकाल लागायला तेवढा पुरला.

आणि त्याच १९२३ मध्ये हर्मान ओबर्ट नावाच्या तरुणाने रॉकेटवरच्या जर्मन पुस्तकात सुचवलं, की दुर्बीण पृथ्वीभोवती फिरत ठेवता येईल. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे मला कळतं. तरी दगडी यंत्र, डोंगरावरची दुर्बीण आणि कक्षेतली दुर्बीण ही तिन्ही एकाच सालात सापडली, तर नोंद करावीशी वाटतेच.

दुर्बीण वर न्यायची ती ताऱ्यांच्या जवळ जावं म्हणून, असा समज फार आहे. काही शे किलोमीटरनी ताऱ्यांच्या अंतरात काय फरक पडणार? वर जायचं ते हवा चुकवायला. लुकलुकणारा तारा कवीला आवडतो, वेध घेणाऱ्याची मात्र ती डोकेदुखी. हलत्या हवेतून आलेला प्रकाश पसरतो आणि चांगल्या डोंगरावरही ताऱ्याचा ठिपका साधारण एका विकलेचा होतो. (कला-विकला पंचांगातल्याच : अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला.) शिवाय ओझोन बराचसा अतिनील प्रकाश अडवतो, वाफ अवरक्त किरण गिळते आणि क्ष-किरण तर जमिनीपर्यंत येतच नाहीत. थोडक्यात, खालून आपण आकाश एका फटीतून पाहत असतो. इंदुरात त्या फटीपुढे चार महिने पावसाळी ढग आणि रात्री सराफा बाजाराचे दिवे, ही आमची खास भर.

लायमन स्पिट्झर या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने हे मुद्दे १९४६ मध्ये एका अहवालात मांडले. पहिला उपग्रह उडायला तेव्हा ११ वर्षं होती. त्याच वर्षी युद्धात हाती लागलेल्या जर्मन व्ही-२ रॉकेटांवर उपकरणं बसवून अमेरिकनांनी सूर्याचा अतिनील वर्णपट मिळवला. १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाने चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधायला रॉकेट सोडलं. उपकरण वर काही मिनिटंच होतं. चंद्र राहिला बाजूला, वृश्चिक राशीत क्ष-किरणांचा जबरदस्त स्रोत सापडला. मग १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून उहुरू उपग्रह गेला आणि अशा स्रोतांची यादी तीनशेवर पोचली. १९६६ ची पहिली फिरती वेधशाळा वीजपुरवठा बिघडून लगेच बंद पडली होती. १९६८ ची दुसरी मात्र चार वर्षं अतिनील प्रकाशात तारे पाहत राहिली.

हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० ला उडाली. आरसा २.४ मीटरचा, अतिशय गुळगुळीत, आणि चुकीचा. कडेशी तो सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. आरसा तपासायच्या उपकरणातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं, त्यामुळे चुकीच्या मोजपट्टीने आरसा अचूक ठरला. दुसऱ्या साध्या चाचण्यांत चूक दिसली होती, पण बारीक उपकरण म्हणतंय तेच खरं, असं धरलं गेलं. मला या साऱ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. उज्जैनच्या यंत्रांची डागडुजी करणाऱ्यांपुढेही प्रश्न तोच होता : यंत्राने आकाश मोजायचं, पण यंत्र कशाने मोजायचं?

उपायही गमतीदार. आरसा बदलता येत नव्हता, पण चूक किती हे नेमकं माहीत होतं, म्हणून तिच्या उलट्या आकाराचे छोटे आरसे प्रकाशाच्या वाटेत धरायचं ठरलं. ते आत कसे सरकवायचे याची कल्पना एका अभियंत्याला जर्मनीतल्या हॉटेलात न्हाणीघरातल्या शॉवरची सरकती दांडी पाहून सुचली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाचदा बाहेर पडून दुर्बिणीला हा चष्मा लावला.

दोन वर्षांनी, डिसेंबर १९९५ मध्ये, हबल संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अधिकारातला वेळ जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर खर्च केला. सप्तर्षींतला एक तुकडा, हात लांब करून धरलेल्या रव्याच्या दाण्याएवढा. दहा दिवस, ३४२ छायाचित्रं. काहीच दिसणार नाही असं सांगणारे जाणकार होते. दिसल्या सुमारे ३००० दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह. लांबच्या म्हणजे जुन्या, त्यामुळे दीर्घिका लहान-वेड्यावाकड्या रूपातून कशा घडत गेल्या, हे एकाच चित्रात मागे-मागे वाचता येऊ लागलं.

भारताची वाट वेगळी आणि संथ. १९७५ च्या आर्यभटावर क्ष-किरणांचा प्रयोग होता, पण वीजपुरवठा काही दिवसांतच बिघडला. खरी वेधशाळा वर गेली ती २८ सप्टेंबर २०१५ ला. अॅस्ट्रोसॅट, ६५० किलोमीटरवर, क्ष-किरण आणि अतिनील दोन्ही एकाच वेळी पाहणारी. तिच्यातल्या अतिनील दुर्बिणींचे आरसे जेमतेम ३८ सेंटिमीटरचे. तरी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कनक साहा यांच्या गटाने २०२० मध्ये तिच्या २८ तासांच्या निरीक्षणांतून ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा तीव्र अतिनील प्रकाश टिपल्याचं जाहीर केलं. हबलने हीच जागा खोलवर पाहिली होती, पण तो प्रकाश तिच्या हाती लागला नव्हता. अॅस्ट्रोसॅटच्या संवेदकाचा स्वतःचा गोंगाट फार कमी होता, म्हणून छोट्या आरशाने मोठ्यावर मात केली. पुणेकर याचा उल्लेख करायचं विसरत नाहीत, आणि या बाबतीत त्यांना दोष देता येत नाही.

जयसिंहाचं काम, म्हणजे तारा नेमका कुठे आहे ते लिहून ठेवणं, मधल्या काळात जरा मागे पडल्यासारखं वाटत होतं. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने १९८९ नंतर सुमारे १ लाख १८ हजार ताऱ्यांच्या जागा मोजल्या. मग २०१३ मध्ये युरोपचीच गाया वेधशाळा उडाली. १०६.५ अंशांच्या कोनात बसवलेल्या दोन दुर्बिणी, दर सहा तासांना स्वतःभोवती एक फेरी. जानेवारी २०२५ पर्यंत तिने जवळजवळ दोनशे कोटी ताऱ्यांचे वेध घेतले. आकाशगंगेने पूर्वी कोणती लहान दीर्घिका गिळली, हे आज ताऱ्यांच्या चालीवरून सांगतात ते याच नोंदींच्या जोरावर. उज्जैनच्या भित्तियंत्रापाशी, म्हणजे वेध घ्यायच्या भिंतीपाशी, उभं राहून मी हे सांगितलं, तेव्हा आमच्या एका काकांनी विचारलं, “म्हणजे काम तेच, फक्त भिंत वर नेली?” मला याहून बरं उत्तर सुचलं नाही.

२५ डिसेंबर २०२१ ला उडालेली वेब दुर्बीण तर १५ लाख किलोमीटरवर आहे. १८ सोनेरी तुकड्यांचा ६.५ मीटरचा आरसा, उन्हापासून जपणारी पाच पदरी छत्री, आणि अवरक्त नजर. विश्व प्रसरण पावताना फार लांबचा प्रकाश ताणून अवरक्त होतो, म्हणून ती नजर लागते. या दुर्बिणींची बरीच निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. त्यामुळे सिमरोलच्या आयआयटीत खगोलशास्त्र शिकणाऱ्या मुलाला इंदूरच्या ढगांची वाट पाहावी लागत नाही.

२०२५ च्या अखेरीस पुण्याच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या निरीक्षणांत एक नीटस सर्पिल दीर्घिका शोधल्याचं जाहीर झालं. विश्व अवघं १५० कोटी वर्षांचं असतानाची. इतक्या लवकर असे घडीव फाटे अपेक्षित नव्हते. नाव ठेवलं हिमालयातल्या नदीचं, अलकनंदा. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनीही म्हणतात, आणि मंदाकिनी नदीची ही बहीण. इंदूरच्या मराठी घरांत ही भानगड रोजची. शाळेच्या हिंदी पुस्तकात मंदाकिनी, घरी आजोबांच्या तोंडी दीर्घिका, आणि उत्तरपत्रिकेत मुलगा ‘गॅलेक्सी’ लिहून मोकळा.