बंदरातील वायुप्रदूषण नियंत्रण

जहाजांच्या धुराड्यांतून, तसेच बंदरातील क्रेन, ट्रक, रेल्वे इंजिने आणि टगसारख्या सेवानौका यांतून हवेत मिसळणारे घातक घटक कमी करण्यासाठी योजलेल्या तांत्रिक, कायदेशीर व व्यवस्थापकीय उपायांना ही संज्ञा लावली जाते. गंधकाची व नायट्रोजनाची ऑक्साइडे, सूक्ष्म कण आणि काजळी हे त्यातील मुख्य घटक होत. कार्बन डाय-ऑक्साइडचा विचार पूर्वी स्वतंत्रपणे होई. अलीकडे तोही याच हिशेबात धरतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या (आयएमओ) चौथ्या हरितगृह वायू अभ्यासानुसार २०१८ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे २.९ टक्के वाटा जहाजवाहतुकीचा होता. जहाजांच्या धुरामुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंचे अंदाज मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. २००७ मधील एका बहुचर्चित अभ्यासाने हा आकडा वर्षाला सुमारे साठ हजार धरला, तर नंतरच्या अंदाजांत तो कित्येक पटींनी वाढला. प्रारूपे, हवेतील कणांची गृहीते आणि मोजलेले आजार वेगवेगळे असल्याने यांतील कोणताही आकडा अंतिम मानू नये. नुकसान किनाऱ्यालगतच्या दाट वस्तीत एकवटते, एवढे सर्वमान्य आहे.

प्रश्नाचे मूळ इंधनात आहे. तेलशुद्धीकरणात पेट्रोल, डिझेल वगैरे काढून घेतल्यावर उरणारा घट्ट, काळा, गंधकयुक्त गाळ म्हणजे जहाजे जाळत आलेले जड इंधन तेल. तापवल्याखेरीज ते नळीतून वाहतही नाही. सागरी प्रदूषणविषयक ‘मारपोल’ कराराचे सहावे परिशिष्ट १९९७ मध्ये संमत झाले आणि १९ मे २००५ पासून अंमलात आले. त्यानुसार जहाजाच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा आधी ४.५ टक्के होती. ती २०१२ मध्ये ३.५ टक्के आणि १ जानेवारी २०२० पासून ०.५ टक्के झाली. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचा किनारा अशा उत्सर्जन नियंत्रण क्षेत्रांत ती २०१५ पासून ०.१ टक्का आहे, आणि १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रालाही हाच नियम लागू झाला आहे. याच सुमारास, १ एप्रिल २०२० पासून, भारतात वाहनांच्या इंधनाचे व धुराचे बीएस-६ मानक आले व जालन्याच्या पंपावरील डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फार तर १० भाग राहिला. जहाजाच्या ‘स्वच्छ’ इंधनात तो याच मापाने ५,००० भागांपर्यंत चालतो. दोन्ही सुधारणांना एकाच वर्षाचा मुहूर्त लाभला असला, तरी त्यांना एका तराजूत घालता येत नाही.

नियमातील पळवाट म्हणता येईल अशी सवलत धूर धुणाऱ्या यंत्राची, म्हणजे स्क्रबरची आहे. जहाजाने जुनेच स्वस्त तेल जाळावे आणि धुरावर पाण्याचा फवारा मारून गंधक काढून घ्यावा, अशी ही रचना. खुल्या पद्धतीत समुद्राच्या पाण्यातील नैसर्गिक अल्कता वापरतात व आम्लयुक्त पाणी पुन्हा समुद्रात सोडतात. बंद पद्धतीत कॉस्टिक सोड्याचे द्रावण फिरवून गाळ जहाजावरच साठवतात. खुल्या पद्धतीने हवेतील दोष पाण्यात जातो, हा आक्षेप सबळ असून सिंगापूरसह अनेक बंदरांनी आपल्या हद्दीत तिला बंदी केली आहे. नायट्रोजनाच्या ऑक्साइडांसाठी इंजिनाच्या बांधणीवर्षानुसार तीन टप्प्यांची मानके आहेत. तिसऱ्या टप्प्यात पहिल्याच्या तुलनेत सुमारे ऐंशी टक्के घट अपेक्षित असली, तरी ते काही ठरावीक समुद्रक्षेत्रांपुरतेच लागू आहे. गंधक घटल्याने सूर्यप्रकाश परत फेकणारे समुद्रावरील ढग विरळ झाले आणि त्यांनी झाकलेली तापमानवाढ किंचित उघडी पडली, असेही एक मत २०२० नंतर मांडले गेले आहे. परिणामाच्या आकारमानाविषयी मतभेद असले तरी त्याची दिशा बहुतेक जण मान्य करतात. मात्र त्यावरून गंधकाचा नियम चुकीचा ठरवणे आरोग्याच्या बाजूने टिकणारे नाही.

धक्क्याला लागलेल्या जहाजाचे मुख्य इंजिन बंद असते, पण दिवे, पंप, शीतकंटेनर व स्वयंपाकघर यांसाठी साहाय्यक जनित्रे रात्रंदिवस चालू राहतात. त्यांच्याऐवजी किनाऱ्यावरील वीज जहाजाला देण्याच्या योजनेचा आरंभ कोठे झाला, याविषयी एकवाक्यता नाही. पुष्कळ ग्रंथांत हा मान स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदराला (२०००) दिलेला आढळतो. त्याच देशातील स्टॉकहोमला प्रवासी फेरीबोटी १९८० च्या दशकातच किनाऱ्यावरून वीज घेत होत्या, आणि नौदलांच्या गोद्यांत ही रीत त्याहून बरीच जुनी आहे. अलास्कातील जुनो येथे पर्यटक जहाजांसाठी २००१ मध्ये आणि लॉस एंजेलिस येथे कंटेनर जहाजांसाठी २००४ मध्ये सोय झाली. वादाचे कारण बव्हंशी व्याख्येत आहे. कमी दाबाच्या अनेक केबली हाताने ओढून जोडणे आणि उच्च दाबाच्या एका केबलीने मालवाहू जहाज जोडणे ही दोन वेगळी तंत्रे मानली, तर गोथेनबर्गचा दावा पुरेसा ग्राह्य ठरतो. केवळ वापर पाहिला तर त्याला आरंभ म्हणता येत नाही. प्रस्तुत नोंदीत पहिला अर्थ स्वीकारला आहे.

जोडणीची कृती वरवर सोपी दिसते. जहाजाच्या बाजूला असलेल्या रिळावरून मनगटाएवढी जाड केबल खाली सोडतात आणि धक्क्याच्या कडेला, जमिनीखालच्या लोखंडी झाकणाच्या पेटीत तिचे टोक बसवतात. दोन्हीकडच्या विजेची लय जुळली की भार हळूहळू किनाऱ्यावर घेतात आणि जनित्र थांबते. बॉयलर बहुधा चालूच राहतो, त्यामुळे धुराडे पूर्ण स्वच्छ होत नाही. खरी अडचण लय जुळण्यात आहे. बहुतेक मोठी जहाजे ६० हर्ट्‌झवर चालतात, तर भारतातील वीज ५० हर्ट्‌झची आहे, म्हणून मध्ये वारंवारता बदलणारा संच लागतो, आणि खर्चाचा मोठा भाग त्यातच जातो. दाब सामान्यतः ६.६ किंवा ११ किलोव्होल्ट असतो. यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील मोठ्या बंदरांत सुरुवात टग व बंदराच्या स्वतःच्या नौकांपासून झाली. केंद्र सरकारच्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वांनुसार (२०२३) मालाच्या दर टनामागील कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी व २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी घटवायचे आहे.

किनाऱ्यावरची ही वीज येते कोठून, हा प्रश्न मराठवाड्याला थेट भिडतो. देशातील बहुतांश वीज अजून कोळशाची आहे, आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचा धक्का ज्या जाळ्यातून वीज घेतो त्याच जाळ्यात बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्रही वीज सोडते. भारतीय कोळशात गंधक तुलनेने कमी व राख फार. परळीच्या परिसरात ती राख रस्त्यांवर, पिकांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधकाबाबत २०१५ मध्ये कडक मानके ठरली, मुदती वारंवार वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यासाठी लागणाऱ्या यंत्रणेतून सूट मिळाली. म्हणजे जहाजाने धुवायचा धूर चिमणीने धुतला नाही तरी चालतो. चिमणी उंच व बंदराच्या वस्तीपासून दूर असल्याने एकंदरीत लाभ होतो हे खरे. पण बंदराच्या अहवालातील घट आणि प्रदेशाच्या हवेतील घट या दोन वेगळ्या राशी आहेत.

शुष्क बंदराविषयीही असाच भेद करावा लागतो. समुद्रापासून दूर सीमाशुल्क तपासणी, कंटेनर भरणे-उतरवणे व साठवण यांची सोय करून बंदराच्या दारातली गर्दी कमी करणे हा त्याचा हेतू. बंदराच्या रांगेतला ट्रक दर काही मिनिटांनी दोन-तीन गाड्यांची जागा पुढे सरकतो, म्हणून चालक इंजिन बंद करत नाही. हा उभ्या गाडीचा धूर टाळणे हे शुष्क बंदराचे सर्वांत स्वस्त यश होय. पैठण व तेर येथील माल बैलगाड्यांनी भडोचच्या बंदरात जात असल्याचे ‘पेरिप्लस’ या बहुधा इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात नमूद आहे, त्यामुळे मराठवाड्याचा समुद्राशी संबंध नवा नव्हे. अलीकडच्या काळात छत्रपती संभाजीनगरजवळ माळीवाडा येथे रेल्वेचा अंतर्देशीय कंटेनर डेपो सुरू झाला. जालन्याजवळ दरेगाव-जवसगाव परिसरात जवाहरलाल नेहरू बंदराच्या शुष्क बंदराचे भूमिपूजन २०१५ च्या अखेरीस झाले, आणि पुढे त्याला बहुविध वाहतूक उद्यानाचे (मल्टिमोडल लॉजिस्टिक्स पार्क) रूप देण्यात आले. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना लागणारे भंगार, लातूरच्या डाळ गिरण्यांकडे येणारी आयात तूर, वाळूज-शेंद्रा येथील यंत्रभागांची निर्यात हा या पट्ट्यातला ठळक माल.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्याने जालन्याहून ट्रक वेगाने किनाऱ्याकडे जातो, आणि प्रदूषणाच्या दृष्टीने गोम नेमकी येथेच आहे. शुष्क बंदराचा माल रेल्वेने गेला तरच धूर घटतो. तो रस्त्याने गेला तर बंदराच्या फाटकावरील रांग फक्त मराठवाड्यात आणून उभी केल्यासारखे होते. मनमाड-जालना लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले आहे, पण तो दीर्घकाळ एकेरी राहिल्याने प्रवासी गाड्यांना वाट देण्यासाठी मालगाडीला बाजूच्या रुळावर थांबावे लागते, आणि कारखानदार वेळेच्या भरवशासाठी ट्रक पसंत करतो. त्यातच आयात-निर्यातीचा मेळ बसत नाही. भंगार घेऊन आलेला कंटेनर यंत्रभागांच्या निर्यातीला आकाराने किंवा स्वच्छतेने चालेलच असे नाही. मग तो रिकामा किनाऱ्याकडे परततो आणि दुसरा रिकामा तिकडून येतो. या रिकाम्या फेऱ्यांचे डिझेल बंदराच्या उत्सर्जन-तालिकेत सहसा धरले जात नाही, कारण तालिकेची हद्द बहुधा बंदराच्या फाटकापाशी संपते.