निवृत्तीच्या पैशाबद्दल कोण वाचतं, आणि कोणत्या तारखेपासून

ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या कारखान्यात १९७५ च्या सुमारास चिकटलेल्या कामगाराला निवृत्तीच्या पैशाबद्दल काही वाचायची वेळ सहसा येत नसे. १९५२ च्या कायद्याने पीएफ कापला जायचा, १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी ठरलेली होती. तिचा हिशोब आजही तोंडी करता येतो: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. २६,००० पगार आणि २० वर्षं नोकरी म्हणजे तीन लाख. आकडा चुकला तर युनियनचा माणूस भांडायचा. वर काही उरलंच तर पोस्टात. यातला एकही निर्णय त्याने स्वतः घ्यायचा नव्हता, मग वाचायचं कशाला?

पैशाबद्दल वाचणारा माणूस हौसेने तयार होत नाही. मालक, सरकार किंवा पोस्ट जो निर्णय परस्पर घेत होतं तो ज्या तारखेला माणसाच्या गळ्यात पडतो, त्या तारखेला वाचकांची एक तुकडी तयार होते. ठाणे आणि नवी मुंबईत या तुकड्या एकीवर एक साचलेल्या आहेत, कारण इथे सगळ्या प्रकारचे पगारदार एकत्र आले. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चं, सिडको १९७० ची. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातला पीएफवाला, मंत्रालयातला किंवा जिल्हा परिषदेतला पेन्शनवाला आणि बँकवाला एकाच मजल्यावर राहायला आले. तीन दारांमागे निवृत्तीचे तीन वेगळे नियम. तुर्भ्याच्या बाजारातल्या माथाडींचं आणखी निराळं: १९६९ च्या कायद्याने त्यांची मजुरी आणि त्यावरची लेव्ही (मालकाकडून घेतली जाणारी जादा आकारणी) मंडळात जमा होते, आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचं मंडळच बघतं.

पहिली तुकडी व्याजदराने घडवली. पीपीएफवर १९८६ पासून १२ टक्के मिळत होते. जानेवारी २००० मध्ये ११, मार्च २००१ मध्ये साडेनऊ, २००२ मध्ये ९, २००३ मध्ये ८. बँकेच्या एफडीही त्याच उतरणीला लागल्या. दहा लाखांवर महिना दहा हजार धरून संसार आखलेल्या माणसाच्या हाती ८ टक्क्यांनी ६,६६६ रुपये उरतात. त्यातच जुलै २००१ मध्ये यूटीआयने 'यूएस-६४'ची विक्री आणि फेरखरेदी थांबवली. ही म्युच्युअल फंडाची योजना १९६४ पासूनची. अनेक निवृत्त लोक तिला एफडीच समजत. आणि नेमक्या त्याच काळात, २०००-०१ मध्ये, सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती आली. पन्नाशीच्या आसपासचे लोक मोठी रक्कम घेऊन घरी बसले, तेव्हा ती ठेवायच्या नेहमीच्या जागा आटत चालल्या होत्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ऑगस्ट २००४ मध्ये ९ टक्क्यांनी सुरू झाली, तोवर बरेच जण एजंटाच्या तावडीत सापडलेले.

या योजनेची मर्यादा तेव्हा १५ लाख होती, एप्रिल २०२३ पासून ३० लाख आहे. ८.२ टक्क्यांनी तीस लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये होतात. न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. ते दर तिमाहीला बचत खात्यात आपोआप वळतं करून घ्यावं.

दुसरी तुकडी सर्वात मोठी, आणि तिला कळायला सर्वात उशीर झाला. १६ नोव्हेंबर १९९५ पासून मालकाच्या पीएफ वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जाऊ लागले, पण पूर्ण पगारावर नाही. पगाराची कमाल मर्यादा आधी ५,००० होती, जून २००१ पासून ६,५००, सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणून पासबुकातल्या पेन्शनच्या रकान्यात दरमहा ४१७, मग ५४१, मग १,२५० असे आकडे दिसतात. या रकान्यावर व्याज चढत नाही आणि दहा वर्षं सेवा झाली की तो पैसा काढताही येत नाही. तरी लोक तो शिलकीत धरून बेरीज करतात आणि दावा मंजूर झाला की पैसे कमी आले म्हणून वागळे इस्टेटमधल्याच पीएफ कार्यालयात चकरा मारतात.

पेन्शनचं सूत्र सोपं: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वीस वर्षं पूर्ण झाली की दोन वर्षं वाढवून मिळतात. घोळ 'पेन्शनयोग्य' या शब्दात आहे. सप्टेंबर २०१४ पूर्वीची सेवा ६,५०० च्या मर्यादेने धरतात आणि नंतरची १५,००० च्या. १९९६ मध्ये लागून तीस वर्षांनी निवृत्त होणाऱ्याचा शेवटचा पगार लाखभर असला तरी, मर्यादेवरच वर्गणी भरलेली असेल तर पेन्शन साडेचार हजारांच्या आगेमागे येते. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. शेजारचा जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो आणि वर्षभर पेन्शनकडे पाहत नाही. त्याचे प्रश्न दोनच: अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याबद्दल) कापलेली रक्कम १५ वर्षांनी पूर्ववत कधी होणार आणि भत्ता कधी वाढणार. दोघांनाही लोक 'पेन्शनर' म्हणतात, हा आपल्या भाषेचा उदारपणा.

याच तुकडीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा वाचायला घेतलं. ४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने जास्त पगारावरच्या, म्हणजे मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर वर्गणी भरून मिळणाऱ्या, पेन्शनचा निकाल दिला आणि ठरावीक मुदतीत पर्याय द्यायची संधी मिळाली. त्यासाठी मागची फरकाची रक्कम व्याजासह पेन्शन खात्यात वळती करायची होती. हिशोब असा: फरकाची रक्कम भागिले वाढीव मासिक पेन्शन. बारा लाख भरून महिना दहा हजार वाढत असतील तर मुद्दल वसूल व्हायला दहा वर्षं लागतात. पती किंवा पत्नीला पुढे निम्मीच पेन्शन मिळते, आणि मुद्दल वारसांकडे परत येत नाही.

नोकरी बदलणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे 'दहा सी' फॉर्म भरून पेन्शनचा पैसा काढून घेणं. हाती वीस-पंचवीस हजार येतात आणि तोवरची सेवा पुसली जाते. पेन्शनला लागणारी दहा वर्षं दोन नोकऱ्या मिळून भरली असती, ती भरत नाहीत. दुसरी चूक कंपनीची. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच पीएफमध्ये आलेल्या आणि मूळ पगार १५,००० हून जास्त असलेल्याला ही पेन्शन योजना लागूच नाही. तरी १,२५० कापले गेले असतील तर दावा अडकतो, आणि दुरुस्ती कंपनीकडूनच करून घ्यावी लागते. कंपनी बंद पडली असेल, आणि या पट्ट्यात अशा कमी नाहीत, तर काम चिवट होतं. म्हणून यूएएनमध्ये (पीएफच्या कायमच्या क्रमांकात) जुनी खाती जोडलेली आहेत ना, प्रत्येक नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळतं ना, हे नोकरीत असतानाच तपासावं.

तिसरी तुकडी सरकारी. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी, शेवटच्या पगारावर ठरणारी पेन्शन नाही; त्यांच्यासाठी बाजाराशी जोडलेली नवी योजना आली. एकाच शाळेच्या स्टाफरूममध्ये ऑक्टोबर २००५ वाला निश्चिंत आणि डिसेंबर २००५ वाला शेअर बाजाराकडे डोळे लावून. नियुक्ती तारखेच्या आधीची पण शाळा शंभर टक्के अनुदानावर नंतर आली, अशा शिक्षकांचा वाद तर वर्षानुवर्षं चालला. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप केला, तेव्हा याच गटातले सर्वात आधी लागलेले लोक पन्नाशीकडे आले होते. योजना आली त्या वर्षी त्यांच्यातल्या फार थोड्यांनी तिच्याबद्दल वाचलं असेल.

चौथीचा काळ अवघा काही महिन्यांचा. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आणले. सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ठेवींना विमा असतो आणि तो तेव्हा फक्त एक लाखाचा होता, हे इथल्या कित्येक ठेवीदारांना त्या आठवड्यात कळलं. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाखांचा झाला. ही मर्यादा एका बँकेत एका व्यक्तीला, सगळ्या शाखा मिळून, आणि मुद्दल-व्याज धरून आहे. सात टक्क्यांच्या वर्षभराच्या ठेवीत ४ लाख ६० हजार ठेवले तर व्याजाला जागा राहते. नवरा-बायकोच्या संयुक्त ठेवीत नावांचा क्रम उलटा केला की ती वेगळी धरली जाते.

तिकडे एमटीएनएल ही सरकारी टेलिफोन कंपनी, जिचं जाळं ठाणे-नवी मुंबईतही होतं, तिची स्वेच्छानिवृत्ती ३१ जानेवारी २०२० ला अमलात आली. पात्रता पन्नाशीपासून, पण ज्येष्ठांच्या बचत योजनेत साठीच्या आधी जायचं तर पंचावन्न हवीत. शिवाय निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून एका महिन्यात खातं उघडायचं होतं. ही मुदत पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये तीन महिन्यांची झाली, तिचा त्यांना काय उपयोग?

ऐरोलीच्या आयटी संकुलातला तिशीचा वाचक मात्र घाबरून आलेला नाही. चाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची म्हणून तो वाचतो, आणि बरंचसं अमेरिकेचं वाचतो. 'वार्षिक खर्चाच्या २५ पट जमवा' हा त्याचा मंत्र विल्यम बेंगेन या सल्लागाराच्या १९९४ च्या अभ्यासातून आला आहे. त्यात आकडे १९२६ पासूनच्या अमेरिकी शेअर-रोख्यांचे आणि मुदत तीस वर्षांची. चाळिशीत थांबणाऱ्याला पन्नास वर्षं काढायची आहेत, तीही इथल्या महागाईत आणि इथल्या इस्पितळांच्या बिलांत. २५ हा आकडा त्याला तोकडाच पडणार.

सर्वात कमी बोललं जातं ते नवऱ्याच्या मृत्यूनंतर वाचायला बसणाऱ्या बाईबद्दल. तिला एकाच वेळी तीन दावे करायचे असतात: पीएफची शिल्लक, 'दहा डी' फॉर्मने पेन्शन, आणि पीएफला जोडलेला विमा. शेवटचा दावा नवरा नोकरीत असताना गेला असेल तर लागू होतो, एप्रिल २०२१ पासून त्याची कमाल रक्कम सात लाख आहे, आणि त्यासाठी पगारातून वेगळं काही कापलेलं नसल्यामुळे तोच मागायचा राहतो. नामांकनात अनेकदा सासूचं नाव निघतं, कारण ते लग्नाआधी भरलेलं. पीएफच्या नियमाने असं नामांकन लग्नानंतर बाद ठरतं, पण हे तिला खिडकीवर कोणी आपणहून सांगेलच असं नाही. तिने विवाहाचा दाखला पहिल्याच खेपेला बरोबर न्यावा.