पोटाचं ऑपरेशन, पण दुखतो खांदा

वजन कमी करण्यासाठी जठराचं ऑपरेशन होतं आणि दुसऱ्या दिवशी पेशंट तक्रार करतो ती खांद्याची. झोपताना अवघडला असेल म्हणून घरचे बाम चोळतात. खांद्याला मात्र काहीच झालेलं नसतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनला आत जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी तो काढून घेतात, तरी थोडा उरतोच आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, चुरचुरवतो. श्वासपटलाची फ्रेनिक नस मानेतून निघते आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही मज्जारज्जूच्या जवळपास त्याच पातळीवर पोचते. दोन्ही निरोप एकाच दारातून आल्यामुळे मेंदूची गल्लत होते. हा वायू रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो आणि कळ सहसा दोन-चार दिवसांत ओसरते. तोवर खोलीत, व्हरांड्यात हळूहळू चालत राहावं. त्यानं बरं वाटतंच, शिवाय पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही कमी होतो.

या काळातल्या बहुतेक त्रासांमागे असंच सांगता येण्याजोगं कारण असतं. ते पेशंटला आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यालाही माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं.

स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते एक अरुंद नळी, सुरुवातीला 100 ते 150 मिलिलिटर मावेल एवढी. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर कप्पाही असतो. आपण जेवू लागलो की तो सैलावतो, म्हणून भरपेट जेवूनही आतला दाब फारसा वाढत नाही. तो गेला की दोन चमचे जास्त झाले तरी छातीच्या मध्यभागी घास अडल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि फेसाळ उलटी होते. अशा वेळी वरून पाणी प्यायलं तर दाब आणखी वाढतो. खाणं लगेच थांबवायचं, ताठ बसायचं किंवा चार पावलं चालायचं.

कोल्हापुरात अडचण होते ती इथेच. आपल्याकडे माया ताटातून दाखवतात. भेटायला आलेली मावशी म्हणते, "एवढ्याशानं काय हुतंय? वाटीभर रस्सा तरी घे की!" पेशंटला भूक नसते, पण नाही म्हणवत नाही. भूक का नसते? 1999 साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः त्या वरच्या कप्प्यात तयार होतं. कप्पाच काढला की घ्रेलिन घटतं. खाण्याची इच्छा मात्र जात नाही. शेजारच्या घरात तांबड्या रश्शाला फोडणी बसली की जीव कासावीस होतो. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे, आणि त्यावरून कुणाला टोमणे मारू नयेत.

रश्शाआधीचं अळणी मात्र कामाला येतं. द्रव आहाराच्या टप्प्यात डॉक्टरांनी परवानगी दिली, तर मिरची-मसाल्याविना शिजवलेल्या मटणाचं हे पाणी गाळून, वरची चरबी काढून, कोमट घेता येतं. त्यातून पाणी आणि मीठ मिळतं, प्रथिनं फारशी नाहीत. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं सहसा सांगतात. ती दूध, ताक, आहारतज्ज्ञांनी दिलेली पावडर आणि पुढे अंडी-डाळीतूनच भरून काढावी लागतात. पांढऱ्या रश्शातलं नारळाचं दूध आणि काजू या दिवसांत जड जातात.

सुरुवातीला पुन्हा अॅडमिट व्हावं लागण्याचं एक मोठं कारण म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. तांब्याभर पाणी एकदम घेता येत नाही. औषधाचा 30 मिलिलिटरचा कप जवळ ठेवावा आणि दिवसभर घोट घोट प्यावं. लघवी गडद झाली, उभं राहताच गरगरलं, तर पाणी कमी पडतंय. सोडा आणि थंड पेयांच्या बाटल्या लांबच ठेवाव्यात.

वजन कमी करण्याची दुसरी पद्धत म्हणजे जठराचं बायपास, त्यात जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. ते झालेल्यांनी उसाचा रस आणि काकवीपासून जपावं, गुऱ्हाळावर कितीही आग्रह झाला तरी. लहान केलेल्या जठरातून साखर थेट लहान आतड्यात उतरते आणि रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेते. 10 ते 30 मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. थोडं आडवं झाल्यावर सहसा बरं वाटतं. तासा-दोन तासांनी रक्तातली साखर उतरून हातपाय थरथरू लागले, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.

तीन-चार महिन्यांनी केस गळू लागतात. वजन झपाट्यानं उतरल्याचा तो परिणाम असतो आणि प्रथिनं, लोह नीट मिळालं तर बहुधा केस परत येतात. सतत होणारी उलटी मात्र सोसत बसू नये. काही आठवड्यांतच बी-1 जीवनसत्त्व संपून नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते.

नाडी विश्रांतीतही 120 च्या वर राहणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप लागणं, एका पायाला सूज, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. जठराच्या टाक्यांच्या रेषेतून आतला द्रव पाझरत असेल, तर कधी कधी वाढलेली नाडी हीच पहिली खूण असते. ऑपरेशन पुण्या-मुंबईला झालं असलं तरी आधी जवळचा दवाखाना गाठावा, सोबत डिस्चार्ज कार्ड न्यावं आणि कुठलं ऑपरेशन, कधी झालं हे पहिल्याच वाक्यात सांगावं. दुखण्यावर मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनानं घेऊ नये. त्यानं जठरात अल्सर होऊ शकतो, बायपासनंतर तर जास्तच.