बोलिंग सोपं, गोल्फ अवघड : या समजुतीची पार्श्वभूमी

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रोज फेऱ्या मारणाऱ्यांपैकी गोल्फ खेळलेले मोजकेच असतील. तिथे रंगतात ते रणजीचे सामने. बोलिंग, म्हणजे बॉल घरंगळवून दहा पिना पाडण्याचा खेळ, मात्र मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये अनेकांनी खेळून पाहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी एखादा स्ट्राइक बसतो (एकाच बॉलमध्ये सगळ्या पिना पडतात) आणि बोलिंग सोपं हा निकाल तिथेच लागतो.

आकडेही त्याच बाजूने बोलतात. सलग १२ स्ट्राइक म्हणजे ३००, त्यापुढे गुण नाहीत, आणि हौशी खेळाडूही तिथवर पोहोचतात. गोल्फमध्ये जितके कमी फटके तितकं चांगलं, पण असा गाठता येणारा शेवटचा टप्पाच नाही. अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक मालिकेतला १८ होलचा विक्रम ५८ फटक्यांचा, २०१६ मधला.

पण बोलिंगची खरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. बॉल ज्या पट्टीवरून जातो त्या लेनवर तेल असतं. हौशी लेनवर ते मधोमध दाट, कडेला विरळ. बॉल बाहेर भरकटला तर कोरड्या भागावर पकड घेऊन आत वळतो. आत राहिला तर तेलावरून सरळ घसरतो. दोन्ही चुका लेनच सावरून घेते. स्पर्धेच्या लेनवर तेल जवळपास सारखं पसरलेलं असतं, तिथे तोच खेळाडू चाचपडतो.

यावरून सर्वांत मोठा वाद झाला १९८२ मध्ये. १ जुलैला कॅलिफोर्नियातल्या एका बावन्न वर्षांच्या खेळाडूने लागोपाठ तीन गेममध्ये ३६ स्ट्राइक मारले : ९०० पैकी ९००. नियामक संस्थेने लेन तपासली, तेल नियमात बसत नाही म्हणून विक्रम नाकारला. तेल खेळाडूने घातलं नव्हतं, त्याने दिलेल्या लेनवर बॉल टाकले होते. नियम मोडला असेल तर लेन चालवणाऱ्यांनी. शिक्षा मात्र खेळणाऱ्याला झाली, हे आजही पटत नाही. अधिकृत मान्यता मिळालेली पहिली ९०० नोंदली गेली १९९७ मध्ये. मधल्या काळात रेझिनचे, लेनवर घट्ट पकड घेणारे बॉल आले होते, म्हणजे तोवर काम आणखी सोपं झालं होतं.

खेळायची जागा सोपी की अवघड, हा प्रश्न गोल्फने त्याच १९८० च्या दशकात वेगळ्या वाटेने सोडवला. अमेरिकेतल्या कोर्सना ५५ ते १५५ मधला स्लोप आकडा, म्हणजे कोर्स किती अवघड त्याचं माप, मिळू लागला, प्रमाण आकडा ११३. हॅंडिकॅप, म्हणजे कमी कुशल खेळाडूला मिळणारी सवलत, काढताना तो धरतात, आणि २०२० पासून जगभर ही एकच पद्धत आहे. बोलिंगच्या बहुतेक लीगमध्ये हॅंडिकॅप आजही फक्त खेळाडूच्या सरासरीवरून निघतो, लेनवर तेल कसंही असो.