भेरली माडाचे तुरे म्हणजे रोग नव्हे

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: भेरली माडाला (माशाच्या शेपटीसारख्या पानांचा ताडवर्गी वृक्ष, फिशटेल पाम) लांब तुरे लोंबू लागले की झाडाला कीड लागली, तेव्हा ते लगेच तोडावं. हे साफ चुकीचं आहे, आणि त्यापायी धडधाकट झाडं जातात याचं फार वाईट वाटतं.

हा माड आयुष्यात फुलोऱ्याचा एकच हंगाम पाहतो, पण तो काही वर्षं चालतो. पहिला तुरा शेंड्याशी येतो, पुढचे क्रमाने खाली. तुरा जवळून पाहा: फुलं तिनाच्या गटात, दोन नरफुलांच्या मध्ये एक मादीफूल. सगळ्यात खालच्या तुऱ्याची फळं पिकली की झाड वाळतं. हा मृत्यू नैसर्गिक आहे.

मूळचा हा सह्याद्रीतल्या ओलसर, सावलीच्या रानांतला. ताम्हिणी, भीमाशंकरकडे घळींत दिसतो. एकच खोड, फुटवा नाही. त्यामुळे नवी रोपं फक्त बियांतून येतात, आणि त्या दूरवर पोचवतात उदमांजरं. फळं पिकण्याआधी तोडलेलं झाड एकही वारस ठेवत नाही. (फळाला हात लावू नका, भयंकर खाज सुटते.)

पूर्ण वाळलेलं खोड मात्र पडू शकतं. ते महापालिकेची परवानगी घेऊन काढावं.